तिरकी नावं

फाइंडची चौकट रिकामीच ठेवायची असते. तिच्यात काही लिहायचं नाही. नुसतं खाली जाऊन फॉरमॅट, फॉन्ट, इटालिक एवढं निवडायचं, की कॉम्प्युटर अख्ख्या फाइलीतून तिरकी अक्षरं तेवढी हुडकून देतो. मंजुश्रीनं हे इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालायचे आणि डोकं मोकळं राहायचं, आणि मोकळ्या डोक्यात त्या सकाळी मेथी घ्यावी का शेपू एवढाच प्रश्न होता. शेपू म्हटलं की तिचे वडील, अप्पा, नाक मुरडतात, मेथी म्हटलं की निवडायची कुणी. 'फाइंड नेक्स्ट' दाबलं की एक तिरकी नोंद करडी होऊन पुढं यायची, ती वरवर बघायची, पुन्हा दाबायची. नांदेडकडच्या पोरी एकामागं एक येत होत्या, भोकरची एक, देगलूरची एक, मुखेडची एक शिक्षिका. मन शेपूवर बसत आलं होतं, तेवढ्यात पडद्यावर 'मंजुश्री मन्मथ खानापुरे' असं आलं. नावासारखं नाव असतं, ती मनाशी म्हणाली. मग खाली 'जन्मगाव: लातूर' वाचलं, 'पुनर्विवाह' वाचलं, 'आई: लिं. दानम्मा' वाचलं, आणि कानशिलांतून गरम काहीतरी मानेपर्यंत उतरलं. लिं. म्हणजे लिंगैक्य, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिंगायतांत तसं लावतात, आणि अव्वाच्या नावाला ते लागलेलं ती छापायच्या फाइलीत पहिल्यांदाच बघत होती. माऊसवरचं बोट तसंच राहिलं.

फाइल होती समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेची. दरवर्षी मेळाव्याआधी हे काम लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या लुबनाच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात यायचं, आणि दुकानात आलं की मंजुश्रीच्या टेबलावर यायचं, कारण पोटजातींची नावं बिनचूक टाइप करणारी दुसरी कोण होती? लातूरचे फॉर्म ती स्वतः टाइप करायची. नांदेडचे फॉर्म नांदेडलाच कुणीतरी टाइप करून फाइल धाडायचं. मग दोन्ही फाइली जोडून, अक्षर एकसारखं करून, ती सगळं छापखान्याला द्यायची. ज्या मुलींचं लग्न मोडलंय किंवा नवरा गेलाय, त्यांच्या नोंदी तिरक्या अक्षरात ठेवायची मंडळाची जुनी रीत. यंदा कागद महाग म्हणून मंडळाचे सचिव विरूपाक्षअप्पा म्हणाले होते, तिरकी तेवढी जरा बारीक कर, दोन पानं वाचतील. रिप्लेस ऑल दाबलं असतं तर चुटकीसरशी झालं असतं. पण मागच्या साली तिरक्या नोंदींचा फॉन्ट बदलताना तिनं तसं दाबलं, आणि पहिल्या पानावरचा मठाच्या स्वामींचा आशीर्वादही तिरका होता म्हणून त्याचंही अक्षर बदलून बसलं, मंडळानं केवढा गहजब केला. तेव्हापासून ती आधी एकेक बघून घ्यायची. बघून घेतलं नसतं तर स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं बारीक करून, वर चहा पिऊन, ती भाजीला गेली असती.

फॉर्म अप्पांनी भरला, दुसरं कोण भरणार! महिन्यामागं एका सकाळी अप्पा म्हणाले, नांदेडला गुडघ्याचा एक चांगला डॉक्टर हाय म्हनं, जाऊन येतो. लातुरात डॉक्टरांचा दुष्काळ आहे का, असं तिनं विचारलंसुद्धा. अप्पांनी कपाळावरची विभूती नीट केली, धुतलेलं धोतर नेसलं, आणि अहमदपूर-लोहा करत एस.टी.नं नांदेडला गेले. आले ते पिशवीभर पेरू घेऊन, आणि स्टँडपासून घरापर्यंत ताडताड पायी. औषध काय दिलं म्हटलं तर म्हणाले, चालत जा म्हनला. तिनं विश्वास ठेवला, कारण अप्पांना खोटं बोलता येत नाही असं तिला बालपणापासून वाटत आलं होतं. आता तिला कळत होतं की म्हाताऱ्यानं केवढा विचार केला होता. लातूरचे फॉर्म आपली पोरगी टाइप करते, तिच्या हातात पडायला नको, म्हणून हा माणूस दिवसभर एस.टी.चे हिसके खात दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आला. सगळं नीट ठरवलं, आणि नांदेडची फाइलसुद्धा शेवटी पोरीच्याच टेबलावर येते एवढी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. तिला हसू फुटायला आलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच राग आला. राग मोठा होता.

कारण ती एकदा असल्याच फॉर्मातून लग्न करून गेली होती. तेव्हाही मेळावा नांदेडलाच होता. धान्याच्या मोंढ्यातला मांडव, पंखे गरगरतायत, आणि स्टेजवर एकेक पोरगी माइकसमोर उभी राहून नाव, शिक्षण, उंची सांगून खाली उतरते. तिच्या वेळेला माइक किंचाळला होता आणि समोरची सगळी माणसं एकदम हसली होती; ती हसली नव्हती म्हणून, पोरगी गंभीर हाय, असं होणाऱ्या नवऱ्याच्या, महांतेशच्या आईनं म्हटल्याचं नंतर कळलं. फॉर्मावर अपेक्षेचा रकाना होता. सगळ्याजणी लिहितात म्हणून तिनंही लिहिलं होतं, निर्व्यसनी, स्वतःचा व्यवसाय. महांतेश अगदी तसाच होता. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि औषधाचं दुकान स्वतःचं. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. नुसता बोलला नाही. घरात मिक्सर बोलायचा, कुकर बोलायचा, सासू टीव्हीतल्या बायांना शिव्या द्यायची, आणि तो ताटावर बसून भाकरीचे तुकडे असे एकसारखे करायचा की तिला ते बघूनच घास गिळवेना. आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून ती आधी जास्त बोलायला लागली, मग कमी बोलायला लागली, मग तिच्याही लक्षात राहिलं नाही की आज आपण तोंड उघडलंय का नाही. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना तो मागं आला आणि म्हणाला, "मला लग्नच करायचं नव्हतं. फॉर्म घरच्यांनी भरला." लग्नानंतरचं त्याचं सगळ्यात लांब बोलणं ते. तिच्या हातात त्याचाच शर्ट होता. तिनं तो नीट घडी करून त्याच्याकडं दिला, हे तिला अजून आठवतं, आणि का दिला हे अजून कळत नाही.

ती लातूरला परत आली तेव्हा अव्वा होती. अव्वा आल्यागेल्याला सांगायची, पोरीला कंप्युटर शिकायचाय म्हनून आली. वर्ष झालं नाही तोच अव्वाही गेली, आणि अप्पांच्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत बापलेक उरले. दुकान म्हणजे किराणा, पण त्यात किराण्यापेक्षा अप्पांच्या गप्पाच जास्त खपायच्या. काड्यापेटी घ्यायला आलेला माणूस अर्धा तास उभा राहायचा. तेच अप्पा घरात आले की लग्नाच्या विषयावर मुके. मावशी बोलली, शेजारपाजार बोलला, अप्पा नाही बोलले. तिला ते बरं वाटायचं. निदान हा माणूस आपल्याला न विचारता काही करणार नाही, असं ती धरून चालली होती. आणि ह्यानं काय केलं? महांतेशच्या घरच्यांनी केलं तेच. डिलीटच्या बटणावर बोट नेऊन ती थांबली. नोंद काढायची म्हटलं तर एवढीशी. आठ ओळी. खालची नोंद वर सरकेल, कुणाला पत्ताही लागणार नाही. काढण्याआधी बघावं तरी आपलं काय काय लिहिलंय, म्हणून तिनं वाचायला घेतलं.

उंची बरोबर होती. रंगाच्या पुढं अप्पांनी 'चांगला' असं लिहिलं होतं. शिक्षण बी. कॉम., पुढं कंसात 'कंप्युटरमध्ये लई हुशार', आणि नांदेडच्या टायपिस्टनं ते 'लई' तसंच ठेवलं होतं. वडिलांचा व्यवसाय: दुकान. भाऊ-बहीण: नाही. आणि अपेक्षा. त्या रकान्यात इतरांचं निर्व्यसनी, नोकरदार, पुण्याचा असल्यास प्राधान्य असं काय काय होतं. तिच्या रकान्यात होतं, 'तिला विचारून सांगू'. तिनं ते पुन्हा वाचलं. हा माणूस नांदेडला मंडळाच्या टेबलासमोर खुर्चीवर बसलाय, मांडीवर पिशवी, चष्मा कपाळावर, पेन हातात धरून अपेक्षेपाशी अडलाय, मागं रांग आहे, आणि टेबलावरचा माणूस म्हणतोय, लिवा की मालक काहीबी. आणि ह्यानं काहीही लिहिलं नाही. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पोरांची लग्नं दुकानात बसून जमवणारा हा बोलघेवडा माणूस पोरीच्या अपेक्षेपाशी येऊन अडला आणि खरं तेच लिहून मोकळा झाला. तिचे डोळे भरून आले, आणि तिला आपलाच राग आला, कारण अजून अप्पांवर रागवायचं बाकी होतं.

"काय गं, नांदेडवाल्यांनी रडवलं का?" लुबनानं झेरॉक्स मशिनीमागून विचारलं. ती मंजुश्रीपेक्षा थोडी मोठी; दुकान तिच्या वडिलांचं, मोहियोद्दीनचाचांचं होतं, आता तीच बघायची. मंजुश्रीनं स्क्रीनकडं बोट केलं. लुबना आली, वाकली, वाचलं, आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. "या अल्ला! गुडघ्याचा डॉक्टर!" मग हसता हसताच थांबली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. "काढून टाकणार का?"

"मला न इचारता भरला गं."

"हाव, भरला. पण बघ, लिहून पण दिलंय, की विचारायचं बाकी हाय. माझ्या लग्नात तर कुणी एवढं पण लिहून नव्हतं दिलं." असं म्हणून ती गिऱ्हाइकाचं आधार कार्ड छापायला उठून गेली. तिचा नवरा यासेर भला माणूस होता आणि ती सुखात होती. बोलली ते नुसतं सांगण्यासारखं बोलली.

मंजुश्रीनं नोंद काढली नाही आणि ठेवलीही नाही. आधी आपल्यासारख्या किती जणी आहेत ते बघावं असं तिला वाटलं. आजवर त्या नुसत्या तिरक्या ओळी होत्या. तिनं फाइंडमध्ये 'पुनर्विवाह' असं टाइप केलं आणि बघत गेली. आता ती अपेक्षाही वाचत होती. एकीनं लिहिलं होतं, मुलाला सांभाळून घेणारा. एकीनं, लवकर घरी येणारा. सगळ्या पोरीच. फाइल संपली, पुन्हा वरून सुरू झाली, तरी पोरीच. एकाही पुरुषाचं दुसरं लग्न नाही? असं कसं असेल, तिनं स्वतः टाइप केलेत. महांतेशचाच फॉर्म तिनं टाइप केला होता, तीन-चार वर्षांमागं. त्या वेळी फॉर्म त्याच्या स्वतःच्या अक्षरात होता, अपेक्षेचा रकाना काठोकाठ भरलेला, शेवटी जागा पुरली नाही म्हणून ओळ वर वळवलेली. तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. चला, ह्याला बोलायला आलं, एवढंच वाटलं होतं. त्याचं लग्न जमलंही. मग असले पुरुष आता गेले कुठं? तिनं चौकटीखाली पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिथं बारीक अक्षरात 'फॉन्ट: इटालिक' असं होतं. मघाचं फॉरमॅट चिकटून राहिलं होतं. दुकानात आली त्या पहिल्याच आठवड्यात लुबनानं हे शिकवलं होतं, तिनं एका शाळेची अख्खी प्रश्नपत्रिका ठळक करून ठेवली तेव्हा. "शब्द बदलला म्हणजे झालं असं नसतंय गं. मागचं फॉरमॅट खाली चिकटून बसतंय. नो फॉरमॅटिंग दाबल्याबिगर जात न्हाई." मंजुश्रीनं नो फॉरमॅटिंग दाबलं आणि पुन्हा शोधायला लावलं.

आता पुरुष आले. उदगीरचा एक, निलंग्याचा एक, किनवटचा एक मास्तर, बायको वारलेला, दोन लेकरं. बरेच होते. आणि एकूण एक सरळ. पुनर्विवाह हा शब्द प्रत्येकाच्या नोंदीत होता, पण अक्षर सरळ, उभं, बाकीच्या बिनलग्नाच्या पोरांच्या रांगेत खांद्याला खांदा लावून. महांतेशही असाच सरळ छापला गेला होता, तिच्याच हातानं, आणि तिला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. लातूरची फाइल तर तिचीच. तिच्यातही तिनं पोरीच तेवढ्या तिरक्या केल्या होत्या, कारण समोर मागच्या सालची पुस्तिका होती आणि तिच्यात तसंच होतं. नांदेडच्या टायपिस्टसमोरही तीच असणार. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळे बघून बघून करत आले होते. तिला आठवलं, पुस्तिका घरी गेली की लोक कशी वाचतात. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं, तिरकं दिसलं की बोट पुढं. दुकानात बसून अप्पांनीच कितीदा तसं पान उलटलेलं तिनं पाहिलं होतं. तेच अप्पा ते बोट विसरून स्वतःच्या पोरीचं नाव त्या ओळीत देऊन आले. तिला एकदम फार वाईट वाटलं, स्वतःचं नाही, त्यांचं.

"शरणार्थ!" विरूपाक्षअप्पा पायऱ्या चढताना नेहमी समाजातला हा नमस्कार ओरडत यायचे. छापखान्याचा माणूस दुपारी येणार, त्याआधी एक नजर टाकायला ते आले होते. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली. "झालं का बारीक?"

"न्हाई काका. मी समदी सरळ करायलेय," मंजुश्री म्हणाली. आवाज बराच मोठा निघाला, झेरॉक्स मशीन नेमकी तेव्हाच थांबली होती.

विरूपाक्षअप्पांनी चष्मा काढला. "अगं, मंडळाचा रिवाज हाय त्यो."

"पुनर्विवाह म्हनून आत लिहिलेलंच हाय की. ते कुठं मी काढायलेय? नाव तेवढं सरळ ठेवू. आधी नाव वाचू द्या लोकांना."

"तुला काय वाटतं, मला हौस हाय?" ते चिडले नाहीत, थकल्यासारखे बोलले. "मीच सुरू केलंय हे. औरादच्या एका पोरीला बघायला लोक गेले होते. मी मधी होतो. पोहे हातात घेतले आन् मग कळलं की दुसरं लग्न हाय. बशा तशाच ठेवून उठले लोक. त्या पोरीचा बाप माझ्या गळ्यात पडून रडला बग. तवा म्हटलं, आधीच कळू दे. कुणी उठून जायला नको."

हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती की तिरकं म्हणजे नावं ठेवणं, आणि हा माणूस त्याला माया समजत होता. तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "मग पोरांचं, काका? हे बगा. ह्याचं दुसरं लग्न. ह्याचं दुसरं. ह्या मास्तरला दोन लेकरं. समदे सरळ."

विरूपाक्षअप्पा चष्मा लावून बघत राहिले. तिनं एकेक नोंद पुढं आणली. तिला वाटलं, आता उठून जातील. "पोरांच्या घरून कुणी उठून गेलं न्हाई कधी," शेवटी ते म्हणाले. मग स्क्रीनकडं बघतच, "मी असं सांगितलं नव्हतं. म्हंजे पोरींचंच करा असं न्हाई सांगितलं. पन इतक्या साली दिसलं कसं न्हाई मला?"

"मला तरी कुठं दिसलं. मीच करत होते. आज दिसलं, माझं नाव आलं म्हनून."

"तुझं?"

तिनं ती नोंद समोर आणली. विरूपाक्षअप्पा ओठ हलवत वाचत गेले आणि 'लई हुशार'पाशी हसले. "मन्मथ भेटला होता नांदेडला. म्हटलं इकडं कुठं, तर म्हनतो गुडघा. आन् जिन्यावरनं पोरासारखा उतरला की!" मग ते अपेक्षेच्या रकान्यापाशी आले, आणि त्यांचं हसू गेलं. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "कर बाई," ते म्हणाले. "कर सरळ. मंडळात कुणी बोललं तर सांगीन, कॉम्प्युटरनं केलं म्हनून."

"कॉम्प्युटरनं न्हाई काका. मंजुश्रीनं केलं म्हनून सांगा."

लुबना मशीन सोडून मागं येऊन उभी राहिली होती. मंजुश्रीनं चौकटीतला शब्द पुसला, ती रिकामी केली. फाइंडमध्ये इटालिक, रिप्लेसमध्ये रेग्युलर. रिप्लेस ऑल. स्क्रीनवर किती ठिकाणी बदल झाला त्याचा आकडा आला, तो तिनं वाचला नाही, ठीक आहे म्हणून टाकलं. पान खालीवर करून बघितलं. भोकरची, देगलूरची, मुखेडची शिक्षिका, सगळ्या उभ्या राहिल्या होत्या. काही धडाम वाजलं नाही, काही कोसळलं नाही. पान फक्त जरा ऐसपैस झालं आणि दोन ओळी पुढच्या पानावर गेल्या. "स्वामीजी बी सरळ झाले बग," लुबना म्हणाली, तेव्हा मंजुश्रीनं पहिल्या पानावर जाऊन आशीर्वाद तेवढा पुन्हा तिरका केला. विरूपाक्षअप्पांनी समाधानानं मान हलवली. "पन तुझा हा रकाना असा न्हाई ठेवता यायचा. काहीतरी लिही. न्हाईतर नोंद काढ. बापाला इचार."

तिनं फोन लावला. दुकानातला आवाज आला, कुणीतरी उदबत्ती मागत होतं. "अप्पा, गुडघा कसाय?"

"बराय की. का गं?"

"नांदेडच्या डॉक्टरची फाइल माझ्याकडंच येते, अप्पा."

पलीकडं उदबत्ती मागणारा माणूस पुन्हा उदबत्ती म्हणाला. "बया," अप्पा म्हणाले. "रागावलीस?"

"रागावले. मला इचारायचं न्हाई का?"

"रोज इचारायला निघतो बग. तू वाढायला घेतीस आन् मला वाटतं, आज नको, आज जेवू दे पोरीला." अप्पांचा आवाज दुकानातला राहिला नव्हता. "पहिल्या टायमाला बी म्या न्हाई इचारलं. तू मान हलवलीस, म्या ते हाव म्हनून धरलं. तुझी अव्वा जाईपातुर म्हनायची, पोरीला येकदा नीट इचारायचं होतं. म्हनून ह्या टायमाला तसं लिवलं. आता तुझ्या हातात हाय. काढायचं तर टाक काढून. म्या एका शब्दानं बोलनार न्हाई."

काढायचं असतं तर हा फोन करायच्या आधीच काढलं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. गच्चीवरचा तो शर्ट तिला आठवला, आणि आता तो नुसता एक शर्ट होता. तिला खरंच कुणीतरी हवं होतं. हे तिनं इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ताटावर बसून आज काय झालं ते सांगणारं, आणि तुझं काय झालं म्हणून विचारणारं. "काढत न्हाई, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी फोन तोंडापासून दूर धरून नाक ओढलं. त्यांना वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. "मग लिवनार काय?"

"लिहिते. मेथी आणू का शेपू?"

"मेथी आ..." अप्पा थांबले. "न्हाई. तुला काय पायजे ते आन."

फोन ठेवून तिनं 'तिला विचारून सांगू' एवढं करडं केलं. निर्व्यसनी, ती म्हणून बघत होती, मनमिळाऊ, बोलका. बोलका जवळ आला, पण तोही दुसऱ्या कुणाच्या रकान्यातून उचलल्यासारखा वाटला. मग तिनं टाइप केलं, 'मला विचारा'. खाली संपर्कात अप्पांचा नंबर होता, तो काढून स्वतःचा घातला.

"असं कुनी लिहीत न्हाई गं," विरूपाक्षअप्पा म्हणाले.

"आता लिहिलं की," लुबना म्हणाली.

दुपारी छापखान्याचा माणूस फाइल घेऊन गेला. संध्याकाळी दुकान बंद करून मंजुश्री गोलाईत उतरली, भाजीवाल्या बाईनं मेथीची जुडी पुढं केली, आणि तिनं शेपू घेतला.